गमरे बाईंचा चौथा प्रश्न

आमच्या इस्पितळात जिन्याखाली एक खोली होती. तिला खोली म्हणायला मन मोठं लागायचं. उंच माणूस आत आला की त्याचं डोकं जिन्याच्या पोटाला आपटायचं आणि मग तो आलेलं काम विसरून कपाळ चोळत बसायचा. जुन्या केसपेपरांचे गठ्ठे आणि मी असे आम्ही त्या खोलीत अठरा वर्षं सुखाने नांदत होतो. रेकॉर्ड क्लार्क हे माझं पद. काम असं की फारसं कुणी येत नाही, आणि आलंच तर त्याला हवा तो कागद सापडत नाही.

एके सकाळी व्यवस्थापकांनी बोलावून सांगितलं, "नागवेकर, तुमच्या खोलीतली अर्धी जागा द्यायची आहे. औषध माहिती कक्ष सुरू करतोय."

"औषधांची माहिती डॉक्टरांना असतेच की," मी म्हणालो.

"असते. पण बाजारात इतकी औषधं आलीत की कुणा एकाच्या डोक्यात मावत नाहीत. शंका आली तर शोधून सांगणारं माणूस हवं. डॉक्टरांना, सिस्टरांना, पेशंटलाही."

ते माणूस म्हणजे सुनंदा गमरे. आमच्याच इस्पितळाच्या औषधखिडकीत त्या पंधरा वर्षं उभ्या होत्या, तिथून त्यांना उचलून माझ्या शेजारी बसवलं. बुटक्या, सुटसुटीत, कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात काळ्या गोफाला अडकवलेलं भिंग. त्या खोलीत ताठ उभी राहू शकणारी आमच्या इस्पितळातली ती एकमेव व्यक्ती. आल्या त्या दिवशी त्यांनी माझे गठ्ठे एका बाजूला सरकवले, टेबल पुसलं, फोनचा रिसीव्हर स्पिरिटने स्वच्छ केला आणि मला विचारलं, "नागवेकर, तुम्ही तंबाखू खाता का?" मी नाही म्हणालो. "मग या कोपऱ्यात हे काय?" म्हणून त्यांनी माझी डबी उचलून माझ्या हातात दिली. आमचा संसार असा सुरू झाला.

पहिले दोन महिने कुणी डॉक्टर फिरकला नाही. लोक यायचे ते एक्स-रे कुठे आणि मुतारी कुठे हे विचारायला. दारावर 'माहिती' लिहिलेलं असल्यावर दुसरं काय होणार? मी चिडायचो. बाई मात्र प्रत्येकाला उठून दारापर्यंत जाऊन रस्ता दाखवायच्या आणि दाखवता दाखवता हातातल्या पिशवीकडे बघून म्हणायच्या, "औषधं घेतलीत का? बघू." शंभरातली चाळीस गिऱ्हाइकं त्यांनी अशी मुतारीच्या वाटेवर पकडली असतील.

त्यांची कामाची तऱ्हा मला सुरुवातीला अजिबात पटली नाही. कुणी काही विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मला माहीत नाही. बघून सांगते." माहीत असलं तरी हेच. मग तीन प्रश्न. औषध कोणासाठी? ते माणूस आणखी काय काय घेतं? आणि हे आजच का विचारावंसं वाटलं? समोर मोठा डॉक्टर असो नाहीतर बाजारातली कोळीण, तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय बाई पुस्तकाला हात लावत नसत. मग जाडजूड पुस्तक उघडणार, संगणकावर शोधणार, दोन ठिकाणी एकच गोष्ट सापडली की मगच फोन. आणि आठ दिवसांनी पुन्हा फोन, "गमरे बोलतेय. आता कसं आहे?"

"बाई, तुम्ही औषधांची माहिती देता की सोयरिकी जमवता?" मी एकदा चिडवलं.

"सोयरिकीत एवढी चौकशी केली असती तर निम्म्या पोरी सुखी झाल्या असत्या," त्या म्हणाल्या आणि फोन फिरवायला लागल्या.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, हा त्यांचा डबा. चटणीच्या वासाने माझे केसपेपरसुद्धा जागे व्हायचे. त्या लांजा तालुक्यातल्या एका आतल्या गावच्या, बौद्धवाडीतल्या. वडील मुंबईत नोकरीला. वाडीत तेव्हा ज्या घरात लिहितं-वाचतं माणूस असायचं, तिथलं ते पुणे-मुंबईला गेलेलं. राहिली ही आठवीतली मुलगी. "सगळ्या वाडीची पत्रं मी वाचायची, कोर्टाचे कागद मी वाचायची, औषधाच्या बाटलीवरचं बारीक मीच वाचायची," त्या म्हणाल्या. "एकदा एका काकींनी कानात घालायचं औषध डोळ्यात घातलं. मी त्या दिवशी शाळेत होते. नंतर बरं झालं डोळ्याला, पण मला अजून वाटतं, मी घरी असायला हवं होतं." एवढं सांगून त्यांनी डबा बंद केला. स्वतःबद्दल इतकं बोललेलं मी पुन्हा ऐकलं नाही. बुद्धपौर्णिमेला मात्र एक दिवस रजा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाट्या भरभरून खीर, यात कधी खंड पडला नाही.

माझ्यावरही त्यांची नजर गेली. मी रोज सकाळी पाण्याबरोबर पित्ताची गोळी घ्यायचो.

"नागवेकर, ही कधीपासून?"

"सहा वर्षं झाली असतील."

"कोणी दिली?"

"आपल्याच डॉक्टरांनी. मनाने नाही घेत काही."

"किती दिवसांसाठी?"

आता ते कुणाला आठवतं? बाई उठल्या, गठ्ठ्यांत शिरल्या आणि माझा स्वतःचा केसपेपर, जो मला जन्मात सापडला नसता, तो त्यांनी दहा मिनिटांत काढून भिंगाखाली धरला. चौदा दिवसांसाठी. मी सहा वर्षं ती गोळी नित्यनेमाने घेत होतो, देवपूजेपेक्षा जास्त निष्ठेने. मग डॉक्टरांना विचारून त्यांनी ती हळूहळू बंद करवली. पित्ताचं काही अडलं नाही. माझी मात्र इस्पितळभर इतकी शोभा झाली की विचारू नका.

पण त्यांचं नाव झालं ते 'लेकाच्या गोळी'मुळे. आतल्या गावची एक म्हातारी तीनदा चक्कर येऊन पडली होती. तिला बाईंकडे पाठवलं. बाईंची रीत अशी की घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायची, अर्धी, संपलेली, शेजाऱ्याची, सगळी. आजींनी पिशवी ओतली. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटं. एक आमच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक मुलाने मुंबईहून आणलेलं. पाकिटांचे रंग वेगळे, नावं वेगळी. बाईंनी भिंग लावलं. आतलं औषध एकच, ताकदही एकच. आजी रोज दोन्ही घेत होत्या. मुलगा गणपतीला आणि शिमग्याला यायचा आणि सहा-सहा महिन्यांचा साठा ठेवून जायचा. हे आमच्याकडचंच दुखणं. निम्मं घर मुंबईत, निम्मं गावात, आणि म्हातारीला दोन डॉक्टर.

"आजी, दोन का घेता?"

"लेकानं येवड्या लांबसून आणलान, ती टाकू कशी गो बाय?" आजी म्हणाल्या. "आनि हितल्या डाक्टरची नाय घेतली तर त्याला काय वाटंल?"

मी असतो तर ओरडलो असतो. बाई हसल्यासुद्धा नाहीत. त्यांनी डॉक्टरांशी बोलणं केलं, मग आजींसमोर बसून मुंबईला मुलाला फोन लावला आणि सगळं समजावलं. शेवटी आजींना म्हणाल्या, "लेकाची गोळी चालू. आमची बंद. डॉक्टरांना वाईट वाटणार नाही, मी विचारलंय." आजींच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू कुणी मुलगाच आणून समोर उभा केला. त्यानंतर त्या पडल्या नाहीत. त्या महिन्यापासून डॉक्टरांचेही फोन यायला लागले आणि जिन्याखाली आपटणारी डोकी वाढली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती सांगतो. ती सांगताना अजून जीव खालीवर होतो, कारण तीत बाई चुकल्या होत्या.

पूर्णगडचा काशिनाथ तांडेल. मासेमारीच्या बोटीचा कप्तान, पन्नाशीचा, दणकट. पूर्णगड माझं आजोळ, त्यामुळे त्याला मी ओळखत होतो. साखर गोळ्यांनी आटोक्यात येईना तेव्हा डॉक्टरांनी त्याला इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू केली आणि शिकायला बाईंकडे पाठवलं. सुई कशी धरायची, कुठे टोचायची, जेवण किती वेळात करायचं, सगळं बाईंनी त्याला स्वतःच्या हाताने करून दाखवलं. शेवटी त्यांनी स्वतः सोप्या मराठीत लिहिलेलं पत्रक दिलं. त्या पत्रकाचा त्यांना फार अभिमान होता. त्यातली एक ओळ होती, 'इन्सुलिन नेहमी थंड ठेवा.'

"तुम्ही आठ-आठ दिवस समुद्रात असता. थंड जागा मिळेल ना?" बाईंनी विचारलं.

"थंडीला काय तोटा, बाई!" काशिनाथ हसला. "आमच्या बोटीवर सगळां थंडच असतां."

बाईही हसल्या. मी केसपेपरांमागून हसलो. तिघेही हसलो आणि विषय संपला.

त्यानंतरचे सहा महिने काशिनाथचे वाईट गेले. साखर उतरायच्या ऐवजी चढत होती. बोटीवरून आला की तपासणी, आणि आकडा मागच्यापेक्षा वर. डॉक्टर दरवेळी इन्सुलिनची मात्रा वाढवत आणि दरवेळी रागावत, "तुम्ही लपून गोड खाता." तो शपथा घ्यायचा. त्याची बायको सुलभा शपथा घ्यायची. पायाला गळ लागून झालेली जखम भरत नव्हती. बोटीचा मालक म्हणाला, आणखी एक महिना बघतो, नाहीतर सुकाणूवर दुसरा माणूस ठेवतो. ज्या माणसाने वयाच्या विसाव्या वर्षापासून सुकाणू धरलं, त्याला किनाऱ्यावर बसून जाळी विणायला सांगायचं म्हणजे काय, ते पूर्णगडात जाऊन विचारा.

मग एका फेरीनंतर तो घरी राहिला. बोटीवरचीच बाटली तो घरीही वापरायचा; ती संपली म्हणून शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलेली नवीन बाटली काढून, डॉक्टरांनी वाढवून दिलेली मात्रा त्याने घेतली. अर्ध्या तासात त्याला दरदरून घाम फुटला, हात लटलटायला लागले, तो भलतंच बोलू लागला. सुलभेने साखरेचं पाणी पाजलं म्हणून वाचला. इस्पितळात आणलं तेव्हा डॉक्टरही चक्रावले. सहा महिने न उतरलेली साखर एका सकाळी तळाला कशी गेली? त्यांनी खाली फोन केला, "गमरे बाई, या इन्सुलिनमध्ये काही खोट आहे का, बघून सांगा."

बाईंनी सुलभेला खाली बोलावलं. तीन प्रश्न विचारले. उत्तरं वहीत लिहिली. काही सापडेना. पेन्सिल खाली ठेवून त्यांनी सहज विचारलं, "बोटीवर हे ठेवतात कुठे?"

"बर्फात," सुलभा म्हणाली.

"म्हणजे?"

"मासळीचा बर्फाचा खण असता ना, त्याच्यात. पापलेट ठेवतत तिथं. चांगला माल तिथंच ठेवतत. तुमी थंड ठेवा सांगितलांव म्हून ह्येंनी डबीवर मीठसुद्दा मारलान. मीठ मारला की बर्फ आनखी गार होता."

बाईंनी पुस्तक उघडलं. मला वाटतं, त्या दिवशी त्यांना ते खरंच माहीत होतं आणि तरी त्यांनी दोन ठिकाणी बघितलं. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. नंतर वितळून ते पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी त्यात काही उरलेलं नसतं. काशिनाथ सहा महिने समुद्रावर निकामी औषध टोचून घेत होता, डॉक्टर त्या निकामी औषधाची मात्रा वाढवत होते, आणि घरची चांगली बाटली त्या वाढलेल्या मात्रेने त्याच्या जिवावर उठली होती.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. "औषधात खोट नाही. माझ्या सांगण्यात आहे," एवढंच म्हणाल्या आणि मग सगळं सांगितलं.

दुपारी व्यवस्थापक खाली आले. डोकं आपटलं, पण त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "बाई, तुम्ही उगाच अंगावर घेऊ नका," ते म्हणाले. "पत्रक मी वाचलं. थंड ठेवा, असं आहे. बर्फात ठेवा, मीठ मारा, असं कुठे आहे? पत्रक बरोबर आहे."

"पत्रक बरोबर आहे हो," बाई म्हणाल्या. "पण ते पाळलं म्हणूनच तो माणूस आजारी पडला."

"तरी तुम्ही त्याला जाऊन चूक माझी म्हणायची गरज नाही. कक्ष बंद करायला लोक टपलेत."

"मग करा बंद," असं म्हणून बाई उठल्या आणि वॉर्डाकडे निघाल्या. मीही मागोमाग गेलो. का गेलो, ते अजून सांगता येत नाही. त्यांना एकटं जाऊ द्यावंसं वाटलं नाही, एवढं खरं.

काशिनाथ खाटेवर बसला होता. बाईंनी उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं, एकही अवघड शब्द न वापरता. "तुम्ही काही लपवून खाल्लं नाही. तुम्ही सगळं बरोबर केलं. मी विचारायचं ते विचारलं नाही. चूक माझी आहे."

मला वाटलं, आता हा हात जोडेल, जाऊ दे बाई म्हणेल.

"सा म्हयने मी खोटा ठरलंव, बाई," तो म्हणाला. "डाक्टर बोलले, लपून खातस. शेठ बोलला, खातस. घरात हिनंसुद्दा गुळाचा डबा लपवून ठेवलान. आनि तुमी आज सांगताव, चूक तुमची?" त्याचा आवाज फाटला. "आता त्यां इंजेक्शन नको मना. तुमचां कायच नको. काय व्हायचां त्यां होऊं दे."

आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. सुलभा रडायला लागली. बाई तशाच उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातलं भिंग घट्ट धरलं.

दोन दिवसांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी गेला. शनिवारी सुलभेचा फोन आला. इंजेक्शन घेत नाही, पाय काळा पडायला लागलाय. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, असंच चाललं तर पाय जाईल, आणि पायावर थांबेल याचीही खात्री नाही.

"नागवेकर, उद्या रविवार," बाई म्हणाल्या. "तुमचं आजोळ पूर्णगडला ना?"

रविवारी सकाळच्या एस.टी.त बाई चढल्या त्या दोन मडकी, वाळूची पिशवी, थर्मामीटर आणि नव्या इन्सुलिनचा थर्मास घेऊन. कंडक्टरने विचारलं, घर बांधताय काय? पावस मागे टाकून गाडी खाडीकडे उतरली तरी बाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. बोट खाडीत नांगरलेली होती. काशिनाथ पायाला फडकं गुंडाळून तिच्यावर बसला होता, मालकाचा महिना संपायला आठ दिवस राहिले होते. आम्हाला बघून त्याने मान वळवली.

बाईंनी साडी खोचली आणि होडक्यातून बोटीवर चढल्या. बोट नुसती उभ्या उभ्या डुलत होती, तेवढ्याने त्यांना मळमळायला लागलं. खलाशी गालात हसत होते. बाईंनी मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, त्यात लहान मडकं बसवलं, आत थर्मामीटर ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बर्फाइतकं गार नको आणि उन्हासारखं गरम नको, अशी जागा पाहिजे. मला बोटीतलं काही कळत नाही." कुणी पुढे झालं नाही तेव्हा त्यांनी स्वतःच मडकं उचललं आणि केबिनच्या मागच्या भिंतीला नेऊन ठेवलं.

खलाशी खो खो हसले. काशिनाथला मात्र राहवेना.

"तिथं नको ओ!" तो ओरडला. "इंजिनाची भट्टी हाय ती! शिजवताव काय औषध?"

"मग कुठे?" बाईंनी विचारलं.

तो कुरकुरत, लंगडत उठला. पुढे नाळेखाली, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखाली, जिथे पिण्याच्या पाण्याचे कॅन ठेवतात, तिथली एक फळी त्याने उचलली. "हितं ऊन येत नाय. बर्फ लांब हाय. वारा लागतां." बाईंनी मडकं तिथे ठेवलं आणि ऐन दुपारचे तीन तास त्या पोटातलं ढवळणं दाबत तिथेच बसून राहिल्या. अर्ध्या अर्ध्या तासाने थर्मामीटर काढून काशिनाथला दाखवायच्या, स्वतः आधी बघायच्या नाहीत. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "दोन वेळा पानी मारलां की बस व्हईल." चौथ्यांदा त्याने थर्मामीटर बाईंच्या हातातून मागून घेतलं.

संध्याकाळी त्याच्या घरी सुलभेने ताट वाढलं. डॉक्टरांनी कमी करून दिलेल्या मात्रेची चिठ्ठी बाईंनी त्याच्यापुढे ठेवली आणि थर्मासही ठेवला. घ्या, असं म्हणाल्या नाहीत. काशिनाथने चिठ्ठी वाचली, बाटली उजेडात धरून बघितली, सुई भरली आणि पोटाला टोचून घेतली. मग जेवायला बसला. तो पहिला घास घेताना बाईंचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. माझी स्थिती निराळी नव्हती. सुलभेने आम्हा दोघांनाही पानावर बसवलं आणि मळमळत्या पोटाने बाईंनी सौंदाळा माशाचं कालवण भातावर ओढून खाल्लं.

साखर उतरायला सहा आठवडे लागले. जखम भरायला त्याहून जास्त. मालकाने महिना वाढवून दिला, पुढे त्याला तो विषय काढायची गरज पडली नाही. कक्षही बंद झाला नाही. बाईंनी जुनं पत्रक फेकलं नाही, टेबलासमोर भिंतीला चिकटवलं, त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारून. आणि तेव्हापासून त्यांचे प्रश्न चार झाले. चौथा, "ठेवणार कुठे?" कौलाखाली, चुलीवरच्या फळीवर, देव्हाऱ्यात, गाईच्या गोठ्यात, लोक औषधं कुठे कुठे ठेवतात ते ऐकून मी थक्क व्हायचो. नाटे, दाभोळ इथून बोटींवरचे लोक फोन करून मडक्यांबद्दल विचारायला लागले. बाई प्रत्येकाला म्हणायच्या, आधी तुमची बोट कशी आहे ते सांगा.

आम्ही दोघंही वर्षाच्या अंतराने निवृत्त झालो. खोलीत आता एक चुणचुणीत मुलगी बसते. ती उंच असल्यामुळे तिची खुर्ची दाराजवळ हलवली आहे, आणि ती चारही प्रश्न विचारते असं ऐकतो.

बाईंना मी शेवटचं भेटलो ते गेल्या वर्षी. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, बोटी निघायच्या तयारीत होत्या आणि मी पूर्णगडला मामेभावाकडे गेलो होतो. जेट्टीवर गेलो तर बाई घोटाभर पाण्यात उभ्या. काशिनाथच्या होडक्यातल्या मडक्यात मनगटापर्यंत हात घालून वाळूचा ओलावा बघत होत्या. मामेभाऊ म्हणाला, दरवर्षी येतात, पहिल्या फेरीच्या आधी. कुणी बोलवत नाही.

काशिनाथचे केस आता पांढरे झालेत, पण दोन्ही पायांवर पक्का उभा होता. त्याच्या बोटीवर दत्ताराम नावाचा एक चाळिशी उलटलेला खलाशी नवा आला होता. त्यालाही नुकतंच इन्सुलिन लागलेलं. तो बाटली खिशात ठेवून बाजूला उभा होता, द्यायला काही तयार नव्हता. "डाक्टरनं सांगितलान तेवडां बस," तो काशिनाथला म्हणाला. "ह्या बाई सांगतत त्यां बरोबर कशावरनं?"

काशिनाथ दोर गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"बरोबर हाय का नाय त्यां मना ठाव नाय," तो म्हणाला. "पन चुकलां तर सांगाय येतील. माज्याकडं आल्या व्हत्या. बाकी कोन येत नाय."

बाईंचा मडक्यातला हात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही. दत्ताराम पाण्यात उतरला आणि खिशातली बाटली काढून त्याने त्यांच्यापुढे धरली.